‘बरी आहे’च्या पुढे: वाचलेल्या कादंबरीबद्दल चार शब्द कसे सांगावेत

संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ मी आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी असते. गाव सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. वाचनालय सरकारी अनुदानाच्या ‘ब’ वर्गातलं, त्यामुळे पगाराचं काही विचारू नका. १९ वर्षं झाली. परत आलेलं पुस्तक घ्यायचं, पानं सुटली नाहीत ना ते बघायचं, रजिस्टरात दाखल नंबरापुढे ‘जमा’ लिहायचं आणि मान वर करून विचारायचं, “कशी होती?”

“बरी आहे.”

दिवसाला तीस-चाळीस पुस्तकं येतात. त्यातली पंचवीस तरी ‘बरी’ असतात आणि उरलेली ‘छान’. बुधवारी एका बाईंनी ‘बऱ्यापैकी बरी’ असं म्हटलं, तर मला केवढा आनंद झाला.

माणसांना मत नसतं असं नाही. आमचे एक वाचक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी रणजित देसाईंची ‘स्वामी’, माधवराव पेशव्यांवरची कादंबरी, तिसऱ्यांदा नेली होती. परत देताना म्हणाले, “बरी आहे.” मी म्हटलं, नुसती बरी असलेली कादंबरी माणूस तीनदा नेतो का? हसले आणि गेले. साडेआठला कुलूप लावून बाहेर आले, तर हे पायरीवर बसून दुसऱ्या एका गृहस्थांना रंगात येऊन सांगतायत. माधवराव चुलत्याशी, राघोबादादांशी बोलताना कसा एकेक शब्द तोलून बोलतो, त्याची बायको रमाबाई कुठे गप्प बसते, थेऊरचा भाग वाचताना चष्मा कसा काढून ठेवावा लागला. चांगली वीस मिनिटं. मी विचारलं, “काका, हे मघाशी टेबलाशी का नाही बोललात?” तर म्हणतात, “अहो, तुम्ही वाचनालयातल्या. तुमच्यासमोर आम्ही काय समीक्षा करणार!”

तिथंच सगळं अडतं. मत विचारलं की आपल्याला शाळेतला निबंध आठवतो, ‘मला आवडलेले पुस्तक’. लेखकाची भाषा ओघवती आहे. पात्रे जिवंत वाटतात. पुस्तक शेवटपर्यंत खिळवून ठेवते. ही वाक्यं पंचांगालाही लावता येतील. मुहूर्त बघायचा असला की तेही खिळवून ठेवतंच. निबंध येत नाही म्हणून माणूस ‘बरी आहे’ म्हणून सुटका करून घेतो आणि खरं बोलायचं असतं ते पायरीवर जाऊन बोलतो.

तर पायरीवरचं बोलणं टेबलाशी कसं आणायचं, ते मला जमेल तसं सांगते. समीक्षा कशी करावी हे मला येत नाही आणि त्यासाठी विद्यापीठात माणसं आहेत. शेजारणीला, जावेला, ऑफिसातल्या माणसाला ‘हे वाच’ किंवा ‘हे नको वाचूस’ एवढं सांगता यावं, ह्यापुरतंच हे आहे.

सुरुवात वाचतानाच करावी लागते, कारण आपण विसरतो. किती विसरतो ते मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या जुन्या वाचक बायकांच्या पुस्तकात खुणा असतात. एकीची खूण पान ३१ वर, आकड्याखाली पेन्सिलीचा ठिपका. दुसरी पन्नासाव्या पानावर बारीक स्वस्तिक काढते. पुस्तक हातात घेतलं की आधी ते पान उघडायचं, आपली खूण दिसली की “अगंबाई, वाचलंय की हे!” म्हणून परत ठेवायचं. पुस्तकात लिहू नये अशी पाटी माझ्याच डोक्यावर टांगलेली आहे, पण ठिपक्यासाठी मी कुणाला बोलत नाही. तीनशे पानं वाचून वर्षाभरात माणसाकडे एवढा ठिपका उरतो, हे बघून मलाच माझी काळजी वाटायला लागली.

तेव्हापासून मी पुस्तकात एसटीचं तिकीट ठेवते. मशीनच्या तिकिटावरची छपाई उडून जाते, मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं राहतं. जागा एवढीशी, त्यामुळे पाल्हाळ लावता येत नाही. तीनच गोष्टी लिहायच्या. कुठल्या जागी थांबून पुन्हा मागे गेले. कुठे जांभई आली. आणि कुठलं माणूस पुस्तक मिटल्यावरही घरात फिरत राहिलं. विशेषणं लिहायची नाहीत, हा माझा एकुलता एक कडक नियम. ‘सुंदर प्रसंग’ असं लिहून ठेवलंत तर सहा महिन्यांनी त्याचा काही उपयोग नाही. ‘तालमीला राजा येतो’ असं लिहिलंत तर अख्खा प्रसंग परत उभा राहतो. पान नंबरही लिहू नका, प्रसंगच लिहा. आवृत्ती बदलली की पानं बदलतात आणि समोरच्याकडे तुमचीच आवृत्ती असेल असं नाही.

तालमीचं उदाहरण घेतलंच आहे तर तेच पुढे नेते. गेल्या मे महिन्यात मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पुन्हा वाचली. १९५५ सालची कादंबरी. नुकती वाचलेली म्हणजे नुकती छापलेली असली पाहिजे असं काही नाही. आमच्याकडे काही वाचक जुनं पुस्तक नेताना उगीच ओशाळतात, “राहून गेली होती हो” म्हणतात. राहून गेलेली वाचली तर त्यात ओशाळायचं काय? माझ्या तिकिटावर होतं: ‘तालमीला राजा. आनंदा रामोशी. मधे माणसांची गर्दी. दुष्काळ.’ एवढ्यावरून मी आमच्या शिपाईमामांना जे सांगितलं ते साधारण असं:

“मामा, ‘बनगरवाडी’ न्या. पातळ आहे, दोन दुपारीत होते. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीत पोरगेलासा मास्तर शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. वाडीतली माणसं मिळून तालीम बांधतात आणि साक्षात राजा तिथे येतो, तो भाग मी घरी दोनदा मोठ्यानं वाचला. आनंदा रामोशी म्हणून एक आहे, चोर, पण तो दिसला की मला बरं वाटायचं. मधे थोडी कंटाळले, माणसं एकामागून एक येतात आणि कोण कुणाचा ते विसरायला होतं. शेवटी दुष्काळ पडतो. मी मे महिन्यात वाचली, नळाला दोन दिवस पाणी नव्हतं, त्यामुळे जरा जास्तच लागली.”

मोजून दोन मिनिटं झाली नसतील. मामांनी नेली. ह्यात मी काय काय केलं ते बघा. पुस्तक केवढं आहे ते आधी सांगितलं, कारण दिवसभर राबणाऱ्या माणसाला तो पहिला प्रश्न असतो, तो विचारत नाही एवढंच. गोष्ट एका वाक्यात उरकली. गोष्ट सांगत बसलात की ऐकणारा घड्याळ बघतो, हा माझा अनुभव. एक प्रसंग जरा जवळून दाखवला. तोही मामांकडे बघूनच निवडला: ते जुने पैलवान, आणि त्यांच्या वडिलांकडून औंधच्या राजाचं सूर्यनमस्काराचं वेड त्यांनी ऐकलेलं आहे. हेच मी एखाद्या शिक्षिकेला सांगितलं असतं तर शाळेत पोरं गोळा करायला मास्तराला काय करावं लागतं, तिथून धरलं असतं. कंटाळा आला तेही सांगितलं. ते लपवलं तर तिथं पोचल्यावर माणूस पुस्तक मिटतो आणि आपल्याला खोटारडं समजतो. आणि शेवटी, माझ्या घरी नळाला पाणी नव्हतं. ह्याचा साहित्याशी काही संबंध नाही असं वाटेल, पण ते सांगितल्यावर मामांना कळलं की मला जेवढं लागलं त्यातलं थोडं माझ्या नळाचं आहे.

मग शेवट सांगायचा की नाही? ह्यावरून आमच्याकडे भांडणं झालेली आहेत. एका रहस्यकथेच्या नवव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुनी कोण ते लिहून ठेवलं होतं. त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात: ‘खोटं आहे, पुढे वाचा.’ मी खोडरबरानं दोन्ही पुसलं. कोण खरं बोलत होता ते विचारू नका. रहस्यकथेत शेवट सांगणं हा गुन्हा, त्यात वाद नाही. पण सगळ्याच कादंबऱ्या तशा नसतात. माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला वारले हे चौथीच्या पोरालाही ठाऊक असतं. तिथं “शेवट नका सांगू हं” म्हणण्यात काय अर्थ? तिथं शेवट सगळ्यांना माहीत असूनही घशात आवंढा का येतो, त्याच्याबद्दल बोलता येतं. उलट विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. १९३९ ची, बारीकशी. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, बोटीवर जर्मनीतून सुटलेले ज्यू, त्यांतली हॅर्टा आणि आपला मराठी नायक. ती वाचून आलेला माणूस गप्प असतो. मी विचारत नाही. तीही शेवट मिटूनच ठेवायची. इतिहासात पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे, बोटीवरच्या माणसांना माहीत नाही, आणि वाचकाला त्यांच्याबरोबर त्या बोटीवर बसू द्यावं. मला लागू पडलेली कसोटी साधी आहे. मला ते आधी कळलं असतं तर चिडले असते का? चिडले असते, तर सांगायचं नाही.

आता नावडलेल्या पुस्तकाकडे येते. इथं मी स्वतः माती खाल्लेली आहे.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा २१ वर्षांची होते. कॉलेजात सगळे तिच्याबद्दल बोलायचे. मी साठ-सत्तर पानं वाचली असतील. ते सारखं वगैरे आणि उदाहरणार्थ मला सोसवेना. घडत काही नाही, पोरगा नुसता पुण्यात राहून बापाचे पैसे उडवतोय. सोडून दिली. आणि मग मैत्रिणींना, नंतर इथं नोकरी लागल्यावर वाचकांनाही, बिनदिक्कत सांगत आले, “भंकस आहे, उगीच नाव झालंय.” अर्धवट सोडली होती हे मात्र एकदाही सांगितलं नाही. किती जणांनी माझं ऐकून ती परत फडताळात ठेवली असेल, देव जाणे.

२३ वर्षांनी मुलगा पुण्याला होस्टेलवर गेला. त्या महिन्यात परत आलेल्या पुस्तकांत ‘कोसला’ होती. घरी नेली. तीच पानं, तेच वगैरे, पण ह्या वेळी मी पांडुरंग सांगवीकरच्या बापाच्या बाजूनं वाचत होते, पैसे पाठवणाऱ्याच्या. मग धाकट्या बहिणीच्या मरणाचा भाग आला आणि ज्या भाषेला मी भंकस म्हणत होते ती एकदम उघडीवाघडी झाली. १९६३ साली पंचवीस वर्षांच्या मुलानं हे लिहिलं, ह्याचं मला रात्रभर नवल वाटत राहिलं. तरी सगळी आवडली असं नाही. होस्टेलमधली काही पानं मी दुसऱ्या वेळीही भराभर उलटली.

आता विचारणाऱ्याला मी हे दोन्ही सांगते. २१ व्या वर्षी सोडली, ४४ व्या वर्षी रडले. ऐकणारा मग स्वतःचं वय बघून ठरवतो. तेव्हा, सोडलेली असेल तर ‘सोडली’ म्हणा आणि कुठं सोडली तेही सांगा. पन्नास पानांवर सोडलेल्या कादंबरीबद्दल पन्नास पानांपुरतं बोलता येतं, त्यात कमीपणा काही नाही. ‘वाईट आहे’ आणि ‘मला जमली नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं म्हणायला पूर्ण वाचलेली लागते, दुसऱ्याला पंधरा पानंही पुरतात.

‘भाषा अवघड आहे’ हे मात्र मी कुणाला म्हणू देत नाही. उद्धव शेळके यांची ‘धग’ आमच्याकडे कित्येक वर्षं नुसती पडून होती. १९६० ची, कौतिक नावाच्या बाईची कादंबरी, आणि माणसं वऱ्हाडीत बोलतात. दोन पानं वाचून लोक परत आणायचे: भाषा कळत नाही. मग अमरावतीकडची एक मुलगी लग्न होऊन आमच्या गावात आली आणि सभासद झाली. ‘धग’ दिसल्यावर तिनं ती टेबलाशी उभ्या उभ्याच उघडली आणि कौतिकचं बोलणं मोठ्यानं वाचायला लागली. माहेरचं माणूस भेटल्यासारखी. वर्तमानपत्रं चाळणारे दोघंतिघं उठून जवळ आले. कानाला सगळं कळत होतं, डोळ्यालाच अडत होतं. त्या महिन्यात ‘धग’ पाच वेळा बाहेर गेली. तेव्हा बोलीतली कादंबरी आवडली तर तिचं वर्णन करत बसू नका, अर्धं पान वाचून दाखवा. नाही आवडली तरी किती पानांनंतर कान बसला, किंवा बसलाच नाही, ते सांगा. ‘वीस पानं दम धरा’ हे फार कामाचं मत आहे.

पुरस्कारांचं थोडक्यात उरकते, कारण त्यात मत कमी आणि बातमी जास्त असते. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा आठवडाभर लोक ‘ती बक्षीसवाली’ मागत होते. परत आणताना म्हणायचे, “पुरस्कार मिळालाय म्हणजे चांगलीच असणार.” हे मत अकादमीचं झालं, तुमचं काय? त्यात एक म्हातारबाबा आले. त्यांचं गाव कोयनेच्या धरणात गेलेलं, हल्ली लेकीकडे असतात. डोळ्याला त्रास म्हणून नातवाकडून वाचून घेतली म्हणाले. मी नेहमीसारखं विचारलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “बक्षिसाचं मला काय ठावं न्हाई. पर म्हस मागं ऱ्हाती न्हवं, ते खरं हाय. आमची बी ऱ्हायली हुती.” आणि पिशवी उचलून गेले. धरणामुळे गाव उठल्यावर मागे राहिलेल्या म्हशीसाठी माणूस परत जंगलात शिरतो, त्या कादंबरीवर ह्याहून चांगलं मत मी अजून ऐकलेलं नाही. मी ते तिकिटावर लिहून पुस्तकाच्या आत ठेवलंय. पुढच्या वाचकाला सापडतं. काढून टाकावं का असा विचार येतो, पण टाकवत नाही.

आता जी चूक मी अजून विसरलेली नाही, ती.

एक बाई नव्यानं सभासद झाल्या होत्या. म्हणाल्या, “काहीतरी गावाकडचं द्या, शेतीवाडीचं.” मी नुकतीच सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ दुसऱ्यांदा वाचून संपवली होती. डोक्यात तीच. शिकून बेकार राहिलेला एकनाथ, कोरडवाहू शेती, घरातली रोजची कुरबुर, सगळं मी त्यांना तळमळून सांगितलं. चांगलं दहा मिनिटं बोलले असेन. विदर्भातलं आहे पण आपल्याकडचंच वाटेल, म्हटलं. त्यांनी गप्प ऐकून घेतलं, पुस्तक घेतलं. चौथ्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी हाती परत आलं. दिवाळीपर्यंत त्या आल्याच नाहीत. मग बाजारात त्यांची नणंद भेटली, तिच्याकडून कळलं. त्यांच्या भावानं त्याच साली कर्जापायी जीव दिला होता. त्यांना गावाकडचं हवं होतं ते आठवणीसाठी, चिंचा-बोरांचं, आजोळचं.

पुस्तकाची काही चूक नव्हती. मी जे सांगितलं त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मी दहा मिनिटं बोलले आणि एक प्रश्न विचारला नाही, एवढंच. तेव्हापासून कादंबरीबद्दल तोंड उघडण्याआधी मी विचारते, “सध्या हलकं हवंय की जड चालेल?” हा एकच प्रश्न, दुकानात भाजी घेताना विचारावा तसा सहज. घरी कोण आजारी आहे, कुणाचं काय झालंय, हे आपण विचारू नये. पण हलकं-जड विचारलं की माणूस त्याला हवं तेवढं सांगतो. आणि पुस्तकात मूल जात असेल, आत्महत्या असेल, तर शेवट न फोडताही तेवढं आधी कानावर घालायचं. ह्याला कुणी शेवट सांगितला म्हणत असेल तर म्हणू दे.

त्या बाई नंतर आल्या, पाडव्यानंतर. मी काही बोलले नाही, त्याही नाही. त्यांनी स्वतःच फडताळातून विनोदी कथांचं पुस्तक काढलं.

मतं जुळली नाहीत तर काय करायचं? आमच्या वर्तमानपत्रांच्या टेबलावर दोन निवृत्त गुरुजी रोज येतात. ‘मृत्युंजय’वरून त्यांचं किमान तीन वर्षं चाललंय. एकाचं म्हणणं, शिवाजी सावंतांनी कर्णाला नको इतका मोठा केला. दुसऱ्याचं, महाभारतानं त्याला लहान केला होता, तो सावंतांनी मापात आणला. रोज तीच दोन वाक्यं, आवाज मात्र चढता. एक दिवस मी वैतागून विचारलं, “गुरुजी, कुणाच्या तोंडचा भाग तुम्हाला जास्त आवडला?” कारण ती कादंबरी एकटा कर्ण सांगत नाही. कुंती बोलते, वृषाली बोलते, दुर्योधन, शोण, शेवटी कृष्ण. पहिले गुरुजी म्हणाले, “शोणाचा.” म्हणजे धाकट्या भावाचा, कर्णाला देव मानणाऱ्याचा! दुसऱ्यांनी लगेच ते पकडलं: तुम्हाला तर सगळ्यात जास्त भाबडा भागच आवडला की हो. मग दोघं हसले आणि तासभर शोणावर बोलत बसले. वाद मिटला नाही, पण निदान पुढे सरकला. चांगली की वाईट ह्यावर अडलं की असं खाली उतरायचं. कुठला भाग, कुठलं माणूस, कुठलं वाक्य. तिथं बोलायला जागा सापडते. आणि समोरच्यानं वाचलेलीच नसेल तर वाद घालू नका. आधी पुस्तक हातात द्या.

फोनवर लिहून कळवायचं असेल तर आणखी आखडतं घ्या. मुखपृष्ठाचा फोटो आणि खाली ‘मस्ट रीड’, असे निरोप मला आठवड्याला चारपाच येतात, मी एकही पुस्तक त्यावरून घेतलेलं नाही. माझ्या मावसबहिणीनं एकदा लिहिलं होतं, ‘कुकर तीन शिट्ट्या ऐवजी सात झाला, भात गेला, पुस्तक पाठवते.’ ते मी त्या रात्रीच मागवून घेतलं.

एवढं सगळं मला कुणी शिकवलं म्हणाल, तर आत्यांनी. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. वय ८४, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, अक्षर दिसत नाही. रात्री जेवणं उरकली की मी त्यांना वाचून दाखवते, रोज दहा-बारा पानं. शाळा दुसरीपर्यंत. ओघवती भाषा वगैरे त्यांच्या कानावरूनही गेलेलं नाही. त्या ऐकतात, मधेच हात वर करून थांबवतात आणि काहीतरी विचारतात. त्यांचं मत प्रश्नातूनच येतं. ‘स्वामी’ ऐकताना विचारलं होतं, “एवढं मोठं वाड्यात राहून त्या रमेला बोलायला कोण होतं गं?” ती कादंबरी मी तीनदा वाचलेली, हा प्रश्न मला पडला नव्हता. आता कुणाला ‘स्वामी’ देताना मी रमाबाईच्या एकटेपणाचंच सांगते, आत्यांचं नाव घेऊन.

मे महिन्यात ‘बनगरवाडी’ संपली त्या रात्री मी पुस्तक मिटून बसले होते. दुष्काळात मेंढरं गेली, माणसं पांगली, वाडी ओस पडली. मला वाटलं आत्यांना झोप लागली. तर अंधारातून आवाज आला, “आणि कुत्री गं? धनगरवाड्यात कुत्री असतातच. त्यांचं काय झालं?”

मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मामांना पुस्तक दिलं तेव्हा तेवढं बघून ठेवा म्हटलं होतं, पण ते तालमीतच अडकले, कुत्र्यांकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. म्हणून आता ती पुन्हा मीच नेलीय, पहिल्या पानापासून कुत्र्यांसाठी वाचतेय. आमच्याकडे तिच्या दोन प्रती आहेत, दुसरीची शिलाई सुटलीय आणि ती बांधणीला गेलीय. कुणाला हवी असेल तर सोमवारनंतर या.